पाण्यापासून लांब न्या, सांगलीपासून नको

प्रति,
आमच्या निवासी संस्थेचे मा. अध्यक्ष व विश्वस्त,
मा. जिल्हाधिकारी, सांगली,
आणि नव्या इमारतीला हातभार लावणारे सर्व सांगलीकर,

सप्रेम नमस्कार.

कृष्णाकाठच्या जुन्या वास्तूतून आपलं दिव्यांगांचं निवासी केंद्र तासगाव रस्त्याला, बुधगावच्या पुढे, खास त्यासाठी बांधलेल्या इमारतीत हलवायचं आपण ठरवलंत. गेल्या पालकसभेत नकाशा दाखवला, जागेचे फोटो दाखवले आणि हरकती असतील तर लेखी द्या असं सांगितलंत. माझी स्थलांतराला हरकत नाही. मनापासून पाठिंबा आहे. पण त्या पाठिंब्याबरोबर काही मागणं आहे, आणि ते बंद पाकिटात देण्यापेक्षा सगळ्यांसमोर मांडावं असं वाटलं. हा प्रश्न फक्त पालकांचा आणि विश्वस्तांचा नाही, गावाचाही आहे.

माझा धाकटा भाऊ आपल्याकडे राहतो. वय चाळिशीच्या पुढे. जन्मताना गुदमरला, त्यातून सेरेब्रल पाल्सी, सोबत बौद्धिक अक्षमता आणि लहानपणापासून फिट्स. तो बोलत नाही, पण त्याला कळतं पुष्कळ. आई होती तोवर घरीच होता. ती गेल्यावर बाबांच्या वयात त्याला उचलणं, अंघोळ घालणं जमेना, तेव्हा आपण त्याला घेतलंत. आता बाबाही नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली मी त्याची पालक आहे, त्यामुळे नव्या जागेच्या कागदावर त्याच्या वतीने सही मी करणार.

काही पालक म्हणतात, इतकी वर्षं राहिली की मुलं, मग आता कशाला हलवायचं? त्यांना मी हात जोडून सांगते, 2019 आठवा. 2005 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा आपण म्हणालो असा पूर आयुष्यात एकदाच. 2019 ला ते 57 फुटांच्या वर गेलं. दोनच वर्षांनी, 2021 ला, पुन्हा पन्नाशी पार. धोक्याची पातळी आहे 45 फूट. जलसंपदा खात्याच्या नकाशात निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर आणि लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येऊ शकणारा. आपली वास्तू कुठल्या रेषेच्या आत आहे हे बघायला नकाशा उघडायची गरज नाही, भिंतीवरचे डाग बघितले तरी पुरे.

2019 च्या त्या ऑगस्टमध्ये पाणी दारातून आलं नाही, आधी मोरीतून आलं. गटार उलटं वाहायला लागलं आणि खालच्या खोलीतल्या फरशीवर काळं पाणी पसरलं, तेव्हा अंगणात अजून रस्ता दिसत होता. चालणाऱ्यांना वरच्या मजल्यावर नेलं. न चालणाऱ्यांना उचलून नेलं. वीज गेली, वरची टाकी रिकामी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच बाहेर काढावं लागलं. रबरी बोटीत व्हीलचेअर मावत नाही. माझ्या भावाला चादरीत गुंडाळून दोघांनी बोटीत ठेवला. घाबरला की त्याचं अंग लाकडासारखं ताठ होतं, हात-पाय वाकत नाहीत, तो हातातून निसटतो. फिटच्या गोळ्यांची पिशवी वरच राहिली. ज्या मंगल कार्यालयात ठेवलं तिथे गाद्या होत्या, जेवण होतं, माणसं चांगली होती, पण संडास दोन पायऱ्या चढून आणि उकिडवं बसायचे. चुकलेला डोस आणि जागरण, एवढं फिट यायला पुरतं. ती आलीच.

हे कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. त्या दिवशी सगळ्यांनी जिवाचं रान केलं. पण ज्यांना स्वतःहून पायरी उतरता येत नाही अशी माणसं पूररेषेत ठेवायची आणि दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती सोडलं याचे आकडे ऐकत बसायचं, हे आता पुरे झालं. जायलाच हवं.

आता दुसरी गोष्ट, आणि या पत्राचं खरं कारण ती आहे. त्या दिवशी मुलांना बोटीत कुणी ठेवलं? सरकारी पथकाची बोट नंतर आली. पहिले आले ते गल्लीतले पोरगे. कोण चालतं, कोण चालत नाही, कोण अनोळखी हात लागला की चावतं, कुणाला आधी पाणी पाजावं लागतं, हे त्यांना माहीत होतं. कारण ते लहानपणापासून आपल्या फाटकासमोर क्रिकेट खेळले होते आणि त्यांचा बॉल आपल्या अंगणात पडत आला होता. मुलांना पहिला आधार शेजाराने दिला. आणि नव्या जागेत नेमका तो शेजार नाही. फोटोत मागे ऊस दिसतो, पुढे रस्ता दिसतो, आणि सगळ्यात जवळचं घर कुठेतरी लांब.

माझ्या भावाचं जग केवढं आहे ते सांगते. संध्याकाळी केंद्रातले मदतनीस, ज्यांना आपण मामा म्हणतो, त्याची खुर्ची ढकलत कोपऱ्यापर्यंत नेतात. तिथला रसवंतीवाला त्याचा ग्लास अर्धाच भरतो, कारण भावाचा हात हलतो, आणि न विसरता चमचा देतो. पैसे नको म्हणतो, मामा देतात. पुढे एक शिलाईचं दुकान आहे, त्या मशीनच्या आवाजाशी तो थांबतो आणि हसतो. गणपतीत पाचव्या दिवशी संस्थानच्या गणपतीची मिरवणूक निघते तेव्हा त्याला गर्दीच्या कडेला उभं करतात, ढोल जवळ आला की तो डोळे मिटून छातीवर हात ठेवतो. तुमच्या-माझ्या हिशेबात हे काही फार नाही. त्याच्या हिशेबात हेच गाव आहे. आणि एक महिना तो कोपऱ्यावर दिसला नाही तर रसवंतीवाला विचारतो, "ते आपले साहेब कुठं गेलं?" माझ्यासारख्या माणसाला, जी रोज येऊ शकत नाही, त्या एका प्रश्नाचा केवढा आधार वाटतो हे शब्दांत सांगता येत नाही.

कारण जिथे कुणी विचारत नाही तिथे काहीही होऊ शकतं. तामिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 ला आग लागली आणि साखळीने बांधून ठेवलेले 28 मनोरुग्ण जळून गेले. ती जागा आणि आपली संस्था यांची तुलना मी करत नाही, स्वप्नातही करणार नाही. आपल्याकडे माया आहे, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण चांगल्या संस्थेतही माणसं बदलतात, विश्वस्त बदलतात, अनुदान थकतं, पगार थकतात, आणि तेव्हा मुलांचं रक्षण करते ती बाहेरच्या माणसाची ये-जा. ज्यांना तक्रार करता येत नाही त्यांच्यासाठी उघडं फाटक हीच तक्रारपेटी असते. गावाबाहेरच्या फाटकातून कोण आत येणार, याचा विचार इमारतीच्या नकाशाइतकाच बारकाईने व्हायला हवा.

कायदाही हेच सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 5 समाजात राहण्याचा हक्क देतं. भारताने 2007 साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही कलम 19 त्याच हक्काचं आहे. या कलमांचा अर्थ मला असा लागतो की सुरक्षित छप्पर देऊन आपली जबाबदारी संपत नाही. छपराभोवती गाव असायला हवं.

म्हणून माझं पहिलं मागणं. जुनी जागा विकू नका. नदी आठ महिने शांत असते. ऑक्टोबर ते मे या काळात तिथे दिवसाचं केंद्र आणि कर्मशाळा चालू ठेवा. पणत्या, राख्या, कागदी पिशव्या आज जिथे होतात तिथेच होऊ देत, लोक येऊन घेतात त्या दारातूनच विकल्या जाऊ देत. रात्री कुणी राहायचं नाही, पावसाळ्यात कुलूप, सामान वर. मुलं आठवड्यातून दोन-तीनदा पाळीपाळीने गावात येतील. त्यासाठी एक गाडी लागेल, जिला मागून रॅम्प आहे आणि आत व्हीलचेअर जमिनीला अडकवून ठेवायची सोय आहे. नुसती व्हॅन नको. खुर्ची बांधलेली नसेल तर पहिल्या खड्ड्यात मूल पुढे जातं. आणि देणगीदारांना मी आवर्जून सांगेन की गाडीवर नाव घाला, हवं तेवढं मोठं घाला, पण गाडीबरोबर चालकाचा आणि डिझेलचा पाच वर्षांचा खर्चही द्या. देणगीत आलेली गाडी चालकाविना उभी राहिली तर तिचा कुणालाच उपयोग नाही.

सभेत कुणीतरी म्हणालं, इमारतीला पैसे कमी पडले तर जुना प्लॉट आहेच. सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, 1950 च्या कायद्याचं कलम 36 आहे. तो अर्ज जाण्याआधी पालकांना विचारावं, एवढंच म्हणते.

अंतराबद्दल मला एकतर्फी बोलायचं नाही. तासगाव, आटपाडी, विटा इकडून येणाऱ्या पालकांना नवी जागा वाटेवरची आहे, त्यांची एक बस वाचेल. जत आणि कवठेमहांकाळच्या लोकांना मात्र मिरजेला उतरून सांगली आणि सांगलीहून पुढे, असं होणार. त्यातले बहुतेक सत्तरीच्या घरातले आहेत. आपल्या फाटकाशी एसटीचा विनंती थांबा मिळाला आणि भेटीची वेळ ठरावीक दोन तासांऐवजी दिवसभर मोकळी ठेवली तर ती म्हातारी माणसं येत राहतील. नाहीतर महिन्याचं दोन महिन्यांवर जाईल आणि मग सणावारी.

दवाखान्याचं वेगळं आहे. फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली तर ती तातडीची वेळ, हे मुलांना सांभाळणाऱ्या आपल्या सगळ्या मावश्यांना पाठ आहे. आज सिव्हिल जवळ आहे, मिरजेचं मेडिकल कॉलेज फार लांब नाही. नव्या जागेहून दोन्ही लांब. चिंतामणीनगरचा रेल्वे पूल पाडला तेव्हा माधवनगर-बुधगावच्या लोकांना केवढा वळसा पडला हे आपण सगळ्यांनी भोगलंय. रस्ता कधीही अडू शकतो असं धरूनच चाला. म्हणजे केंद्रात चोवीस तास नर्स हवी, ऑक्सिजन हवा, घशात साचलेली लाळ-कफ ओढून काढणारं सक्शन मशीन हवं, ते चालायला इन्व्हर्टर हवा, आणि फिट थांबवायचा मिडाझोलमचा नाकातला स्प्रे डॉक्टरांच्या लेखी सूचनेसह प्रत्येक खोलीजवळ हवा. औषधाच्या कपाटाची किल्ली रात्री ऑफिसात राहिली, असं एकदाही होता कामा नये.

आता नकाशा. त्यावर माझं बरंच म्हणणं आहे, कारण इमारत एकदा उभी राहिली की चाळीस-पन्नास वर्षं बदलत नाही.

दर्शनी भागात कमान आहे, पोर्च आहे, चार रुंद पायऱ्या आहेत. रॅम्प आहे तो मागे, स्वयंपाकघराजवळ. ज्यांच्यासाठी घर बांधतोय त्यांनी मागच्या दाराने यायचं का? रॅम्प पुढे आणा, तोच मुख्य प्रवेश करा. आणि मोजून आणा. नियम साधा आहे, एक फूट चढायला बारा फूट लांबी. नकाशात जोतं अडीच फुटांचं आहे, म्हणजे तीस फुटांचा रॅम्प हवा, शिवाय मधे दम घ्यायला सपाट जागा आणि दोन्ही बाजूंनी कठडे. काढलेला रॅम्प पंधरा फुटांचाही दिसत नाही. अशा चढावर मामांना खुर्ची ढकलताना छाती टेकवावी लागेल आणि उतरताना खुर्ची त्यांना ओढत नेईल.

दारं 900 मिलिमीटर मोकळी हवीत. मोकळी म्हणजे पल्ला उघडल्यावर उरणारी जागा, चौकटीचं माप नव्हे. खुर्ची वळायला 1500 मिलिमीटरचं वर्तुळ लागतं, ते संडासातही लागतं, पलंगाशेजारीही. भारत सरकारच्या 2021 च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनांत हे सगळं चित्रांसह आहे. 2016 च्या कायद्याचं कलम 44 सांगतं की नियमांप्रमाणे नसलेल्या आराखड्याला परवानगी देऊ नये आणि पूर्णत्वाचा दाखलाही देऊ नये. 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने तर सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीचे असून चालणार नाहीत, सक्तीचे हवेत. मा. जिल्हाधिकारी, बिगरशेतीपासून बांधकाम परवान्यापर्यंतचे कागद आपल्या यंत्रणेपुढून जाणार आहेत. कृपा करून हा नकाशा एखाद्या व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका.

वरचा मजला नको. लिफ्ट आहे असं उत्तर मिळालं, पण आग लागल्यावर लिफ्ट वापरायची नसते आणि वीज नसताना ती चालत नाही. जागा मुबलक आहे, मग तळमजल्यावरच पसरू दे ना घर. प्रत्येक झोपायच्या खोलीला थेट अंगणात उघडणारं दार असलं तर पलंगासकट माणूस बाहेर आणता येतो. जिना उतरायचाच नसेल तर रात्रपाळीच्या दोन मावश्याही सगळ्यांना वाचवू शकतात.

आणि ते दोन मोठे हॉल, प्रत्येकी वीस पलंगांचे. मला माहीत आहे की देखरेखीला ते सोपे. पण वीस जणांत एक रात्री ओरडला की एकोणीस उठतात, आणि त्यातल्या पाच-सहा जणांना झोपमोडीनेच फिट येते. त्यापेक्षा सहा-सहा, आठ-आठ जणांची छोटी घरं करा, प्रत्येकाला आपली मोरी, आपली ओसरी, आपला जेवणाचा कट्टा. मध्ये अंगण. स्वयंपाक एकत्र होऊ दे, पण फोडणी मुलांच्या घरातच द्या. माझ्या भावाला दिसतं कमी. कढीपत्त्याचा वास आला की त्याला जेवणाची वेळ कळते आणि तो तोंड उघडून तयार होतो. लांबच्या स्वयंपाकघरातून ट्रॉलीने आलेल्या ताटाची अशी चाहूल त्याला लागणार नाही.

मोरीत एक मोठ्या माणसाला आडवं करता येईल असा, कमरेच्या उंचीचा पलंग हवा. आज चाळीस-पन्नास किलोच्या माणसाचं डायपर फरशीवर सतरंजी टाकून बदलतात. मुलाचाही त्यात मान राहत नाही आणि मावश्यांच्या कमरा जातात. प्रत्येक छोट्या घरात निदान एक हॉइस्ट, म्हणजे माणसाला उचलून हलवायचं यंत्र, द्या. खिडक्यांची खालची कड अशी ठेवा की खुर्चीत बसलेल्याला आणि आडव्या पडलेल्याला बाहेरचं दिसेल. पत्र्याचं छप्पर कुठेही नको, आपल्याकडचा एप्रिल-मे सगळ्यांना माहीत आहे. आणि फाटकापासून ओसरीपर्यंत पक्का, न घसरणारा रस्ता करा. काळं रान आहे. पहिल्या पावसात व्हीलचेअरची पुढची चाकं रुतली की चार माणसं लागतात.

इमारतीपेक्षाही जास्त काळजी मला एका गोष्टीची वाटते, ती म्हणजे आपल्या मावश्यांचं काय होणार. माझ्या भावासमोर ताट आलं की तो मान मागे टाकतो. तशा मानेने घास दिला तर तो श्वासनलिकेत जातो. मावशी डाव्या हाताने त्याची हनुवटी खाली आणते, घास उजव्या गालाच्या आत ठेवते, गिळल्याचा बारीक आवाज ऐकते आणि मगच दुसरा घास कालवते. एका जेवणाला पाऊण तास लागतो. हे कुठल्या फाईलीत लिहिलेलं नाही. ती बाई खणभागातून चालत येते. सून नोकरी करते, म्हणून संध्याकाळी सातच्या आत तिला घरी पोचायचं असतं. बुधगावच्या पुढून ती कशी येणार-जाणार? काळजीवाहकांचे पगार काय आहेत हे आपण सगळे जाणतो. त्यातून रोजचं भाडं आणि दोन तास गेले तर अर्ध्या जणी सोडतील, आणि तो दोष त्यांचा नसेल. मग नवी माणसं येतील, चांगलीही असतील, पण हनुवटीचं त्यांना कोण सांगणार? भाऊ तर सांगू शकत नाही. चुकीच्या घासाचा न्यूमोनिया अशा मुलांना घेऊन जातो, हे आपल्या डॉक्टरांना विचारा.

तेव्हा इमारतीच्या खर्चाच्या यादीत कर्मचाऱ्यांची गाडी आजच घाला. सकाळी सांगलीतून, संध्याकाळी परत, रात्रपाळीच्या बायकांना दारापर्यंत. ज्यांना राहायचं आहे त्यांना दोन खोल्यांची घरं आवारातच. आणि प्रत्येक मुलाचं एक पान आतापासून लिहायला घ्या. कसं जेवतो, कसा झोपतो, कशाला घाबरतो, दुखलं तर कसं दाखवतो. मावश्यांनी सांगायचं, कुणीतरी लिहायचं, पालकांनी भर घालायची. जमल्यास मोबाइलवर व्हिडिओ करून ठेवा, पण तो संस्थेबाहेर जाणार नाही याची काळजी घेऊन.

स्थलांतराचा दिवस एकच नको. ज्यांना सांगता येत नाही ती मुलं त्रास जेवण सोडून दाखवतात, डोकं आपटून दाखवतात, झोप घालवून दाखवतात. एका सकाळी सगळ्यांना गाड्यांत भरून अनोळखी घरात नेऊन सोडलं तर पहिल्या आठवड्यातच निम्मे आजारी पडतील. आधी सहा-सात जणांनी तिथे जाऊन दुपारचं जेवण करून यावं. मग एकदा दुपारची झोप. मग एक रात्र, नेहमीच्याच मावशीबरोबर. स्वतःची गादी, स्वतःची वाटी-चमचा, शेजारी तोच सोबती. नव्या गाद्या देणगीत आल्या तरी पहिले महिनाभर जुन्याच ठेवा, त्यांना आपला वास असतो. ज्यांना चित्र कळतं त्यांना जागेचे फोटो आतापासून भिंतीवर लावून दाखवा. हे सगळं दिवाळीनंतर, थंडीत करा. पावसाळा गाठायचा म्हणून ऐन मे महिन्यात घाई नको.

आणि उद्घाटन वेगळ्या दिवशी ठेवा. पाहुणे येऊ देत, कोनशिला बसू दे, देणगीदारांचा सत्कार व्हायलाच हवा, त्यांच्यामुळेच हे होतंय. पण त्या दिवशी मुलांना मांडवात बसवू नका. लाउडस्पीकर, उशिरा येणारे प्रमुख पाहुणे, उन्हात तीन तास, हे त्यांना सोसत नाही. मुलं नीट रुळल्यावर, दोन-तीन महिन्यांनी, बुधगावच्या आणि आसपासच्या वस्तीच्या लोकांना जेवायला बोलवा. शाळेची पोरं येऊ देत, त्यांचा बॉल आवारात पडू दे. आवाराला उंच भिंत न घालता जाळीचं कुंपण आणि मेंदी करा. तिथेही शेजार तयार होईल, पण तो आपोआप होत नाही. पहिल्या वर्षी आपल्यालाच त्यांच्या दारी जावं लागेल.

कागदपत्रांचं थोडक्यात. पत्ता बदलला की आधार, दिव्यांग ओळखपत्र, संजय गांधी निराधार योजनेचं बँक खातं, निरामय विमा, सगळीकडे तो बदलावा लागणार. ताठ बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, त्यामुळे प्रत्येक मुलाला घेऊन रांगेत जाणं शक्य नाही. मा. जिल्हाधिकारी, केंद्रातच एक शिबिर लावून हे एका दमात करून द्यावं ही विनंती. संस्थेची नव्या जागेची नोंदणी मुलं हलण्याआधी हातात असावी, नाहीतर अनुदान अडकतं आणि ते मावश्यांच्या पगारावर येतं.

राहिला तो मधला काळ. इमारत व्हायला एक तरी पावसाळा जाईल. 2016 च्या कायद्याचं कलम 8 आपत्तीत दिव्यांगांच्या संरक्षणाबद्दल आहे, जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवून त्यांना धोक्याची सूचना देण्याची जबाबदारी त्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर आहे. आपल्या केंद्राचं नाव त्या यादीत ठळक असावं. कृष्णेचं पाणी एका रात्रीत येत नाही, चढत चढत येतं, आणि सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगरला शिरायला लागलं की गावाला कळतंच. 40 फुटांच्या इशाऱ्याची वाट न पाहता, पाणी 35 फुटांवर गेलं आणि वरून विसर्ग चालू असला की आपली मुलं निघालीच पाहिजेत. कुठे जायचं ती जागा मे महिन्यातच ठरावी. पाश्चात्त्य संडास असलेली, पायऱ्या नसलेली, तळमजल्यावरची. महिन्याच्या गोळ्या प्रत्येकाच्या नावाच्या जलरोधक पिशवीत, दाराशी टांगलेल्या.

पुढची पालकसभा लवकर बोलवा. वास्तुविशारदांना बोलवा, मावश्या आणि मामांना त्या दिवशी ड्यूटीतून मोकळं करून बसवा, आणि आपल्या मुलांपैकी ज्यांना बोलता येतं, खुणा करता येतात, त्यांनाही बसवा. त्यांच्या घराचा नकाशा आहे. त्यांनी कुठल्या खोलीत कुणाबरोबर राहायचं हे त्यांना आधी विचारू, मग आमच्या सह्या घ्या. माझी सही मी त्या सभेत करीन.

आपली,
एका निवाशाची बहीण आणि पालक
सांगली